मिठीचा रविवार

४ जून १९३२, स्टोक एडबरी

आलो एकदाचे! पाच वर्षं बर्मिंगहॅमच्या धुरात दुसऱ्या पाद्र्याच्या हाताखाली काढल्यावर लॅम्बर्टला स्वतःचं चर्च मिळालं आणि मला स्वतःचं स्वयंपाकघर. पाद्रीबंगला मोठा आहे, थोडा ओलसर आहे, चुलीचा धूर घरातच फिरतो, पण अंगणात नाशपातीचं झाड आहे आणि खिडक्यांना आतून बसायला गाद्या आहेत. मी सगळ्या गाद्यांवर बसून पाहिलं.

गावातल्या बायकांनी आमच्या आधीच फळीवर वस्तू आणून ठेवल्या होत्या. गूजबेरीचा मुरंबा, डुकराची खारवलेली तंगडी, रुबार्बची जुडी आणि इतकी अंडी की लॅम्बर्ट म्हणाला आता कोंबड्यांचीच प्रार्थनासभा भरवू. सकाळच्या कामाला ट्रँटरबाई येतात. चर्चमधलं पितळ घासायचं काम त्यांच्याकडेच आहे. त्यांनी आधी माझी टोपी पाहिली, मग मला पाहिलं आणि म्हणाल्या, की याआधीचे पाद्रीसाहेब एकटे होते, अकरा वर्षं उकडलेल्या अंड्यांवर काढली बिचाऱ्यांनी, आता बाईमाणूस आलं ते बरं झालं. मी मनातल्या मनात त्यांना मिठीच मारली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच चर्च दिसतं. संत एडबर्गाचं चर्च. बुटकं, रुंद, उन्हात मधाच्या रंगाचं. उत्तरेच्या भिंतीत एक बुजवलेलं दार आहे. भांडी विसळताना नजर नेमकी तिथेच जाते.

७ जून

आज लॅम्बर्टला चर्चचा ताबा मिळाला. आर्चडीकननी, म्हणजे वरच्या धर्माधिकाऱ्यांनी, त्याचा हात धरून दाराच्या किल्लीवर ठेवला, मग तो एकटा आत गेला आणि घंटा वाजवली. रीत अशी, की नवा पाद्री जितके टोले देईल तितकी वर्षं तो इथे राहणार. बाहेर अख्खं गाव कान देऊन उभं असतं. आम्ही काल रात्री पाच ठरवले होते.

पाच झाले. सहा झाले. लोक हसायला लागले. मग टोले पडतच राहिले आणि हसणं थांबलं. चर्चचे कारभारी हॉटनसाहेब यांनी टोपी काढून हातात घेतली. मी मोजणं सोडून दिलं, कारण सगळे माझ्याकडे बघत होते आणि चेहरा कुठे ठेवावा तेच कळेना.

बाहेर आला तेव्हा लॅम्बर्टचे गाल लाल झाले होते. म्हणाला, मिली, मला भानच राहिलं नाही गं. मी म्हटलं, आपल्या लग्नाच्या दिवशी तरी इतका कुठे फुलला होतास? तो खूप हसला. मीही हसले. पण मला ते लागलं, आणि ही वही माझी आहे, इथे खोटं कशाला लिहू?

२६ जून

बायकांच्या मंडळात माझी निवड झाली, म्हणजे चहाचं मोठं पिंप उचलायचं काम माझ्याकडे आलं. फुलांची पाळी मात्र मिळाली नाही. वेदीवरच्या फुलांना हात लावायचा म्हणजे इथे निदान दोन पिढ्या जन्माव्या लागतात. मिस गिटिन्स ऑर्गन वाजवतात, चाळिशीच्या आहेत, मान लांब आहे आणि लॅम्बर्टशी बोलताना ती आणखी लांब होते.

लॅम्बर्ट सकाळची प्रार्थना करायला जातो तो जेवायला येतो. जेवून जातो तो दिवेलागणीला येतो. कोटाच्या पाठीला रोज चुना. मी रोज झटकते. आज मी ट्रँटरबाईंपाशी कुरकुरले तर त्या म्हणाल्या, अहो पाद्रीणबाई, प्रत्येक पाद्र्याला दोन बायका असतात, एक हाडामांसाची अन् एक दगडाची, आणि पानावर आधी दगडाचीच बसते. स्वतःच्याच विनोदावर इतक्या हसल्या की पितळ घासायची फडकी खाली पडली.

म्हणजे सवतच की. तरी बरं, सवतीला निदान वेणी ओढून दोन शब्द सुनावता येतात.

१३ जुलै

आता सगळं लिहून टाकते. माझा संशय मिस गिटिन्सवर होता. दुपारी चर्चमधून हसू ऐकू येतं. लॅम्बर्टचं हसू मी झोपेतही ओळखीन. एकटा माणूस असा थांबून थांबून हसत नाही. कुणीतरी काही बोललं की मग हसतो.

आज सायकल काढली आणि थेट मिस गिटिन्सच्या दारात गेले, हातात उगीच केकची कृती. तर त्या मोहरीच्या पाण्यात पाय बुडवून बसलेल्या, घोटा सुजून भोपळा झालेला, परवापासून घराबाहेर पडल्या नव्हत्या. मला बसवून घेतलं, आईच्या हातचा कसला तरी अर्क पाजला. मला इतकी लाज वाटली की मी त्यांना कृती खरोखरच देऊन आले.

तिथून तशीच चर्चमध्ये गेले. लॅम्बर्ट त्या बुजवलेल्या दारापाशी लहानशा स्टुलावर बसला होता, पाठ दगडाला टेकून, मान मागे टाकून, डोळे मिटून, आणि हळू आवाजात बोलत होता. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत तो माझ्याशी असा बोलायचा. दुसरं कुणीही नव्हतं. मी बाकांच्या खालीसुद्धा वाकून पाहिलं. मग दार इतकं जोरात आपटलं की वटवाघळं उडाली.

तळपायाची आग मस्तकात गेली होती. बाई असती तर निदान तिचे दात तरी पुढे आहेत असं म्हणता आलं असतं.

२४ जुलै

लॅम्बर्टने सांगितलं. मी त्याला तीन दिवस जेवण वाढून एक शब्द बोलले नाही, तेव्हा सांगितलं.

त्या भिंतीत कुणीतरी रडतं म्हणे. पहिल्या दिवशी घंटा वाजवताना त्याला ते ऐकू आलं, घंटा थांबवली तर ते रडणं पुन्हा ऐकू येईल म्हणून तो वाजवत राहिला. बाईचा आवाज आहे. तो तिथे बसून तिला संध्याकाळची प्रार्थना वाचून दाखवतो, म्हणजे ती शांत होते. कधी कधी ती काही गमतीचं बोलते. म्हणाला, मिली, तिचं कुणी ऐकूनच घेतलं नाही गं इतकी वर्षं, आणि मी पाद्री आहे, मी नाही ऐकायचं तर कुणी?

मी विचारलं, आणि माझं?

तो म्हणाला, की तू तर आहेसच ना.

तू तर आहेसच. पायपुसणंही असतंच. मला भुताची भीती वाटायला हवी होती, हे आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा फक्त एवढंच डोक्यात आलं, की तिला गमतीचं काय बोलता येतं आणि मला काय येत नाही.

२० ऑगस्ट

गावात मिठीच्या रविवारची तयारी सुरू झाली. सप्टेंबरात एका रविवारी सगळं गाव चर्चभोवती कडं करतं. हातात हात धरायचे, पाठी भिंतीकडे, तोंडं थडग्यांकडे, आणि भजन म्हणायचं. चर्चला मिठी मारायची ती अशी. मग चहा, केक, पोरांची पोत्यांची शर्यत.

ट्रँटरबाई नाशपाती सोलता सोलता सांगत होत्या. पाद्रीणबाईची जागा ठरलेली, त्या बुजवलेल्या दारासमोर. हात घामेजले, नाकावर माशी बसली, काही झालं तरी सोडायचा नाही. कड्यात फट पडली की ती भरली जाते. मी म्हटलं, कशाने? त्या म्हणाल्या, मी तेव्हा परकरात होते, मला काय ठाऊक, पण क्रूडसनबाईंनी सोडला होता. त्या काळच्या पाद्र्यांची बायको. भारी तिखट. नवऱ्याशी तिथेच कड्यात भांडण काढलं आणि हात झटकला.

मी विचारलं, की मग काय झालं त्यांचं?

काही नाही, म्हणे. त्या दिवसापासून इतक्या गोड झाल्या की ओळखू येईनात. आवाज चढवणं नाही, रुसणं नाही. पाद्रीसाहेब तर घराबाहेर पडेनात. सगळ्या गावाला बरं वाटलं. सोलायची सुरी थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, की तुम्ही आपल्या सोडू नका हं पाद्रीणबाई, आम्हाला तुम्ही आहात तशाच आवडता.

दुपारी लॅम्बर्ट पुन्हा तिकडेच.

११ सप्टेंबर, मिठीचा रविवार

वही फराकीच्या खिशात होती म्हणून लिहिता येतंय. चर्चच्या आत बसले आहे. बाहेर चहा चालू आहे.

झालं ते असं. मी जांभळी फराक घातली होती, लॅम्बर्टला आवडते ती. डाव्या हाताला तो, उजव्या हाताला मिस गिटिन्स. पाठीमागे ते दार. दगड उन्हातही गार होता, फराकीतून लागत होता. भजन सुरू झालं. लॅम्बर्टचा आवाज येईना म्हणून मी बघितलं, तर त्याने मान मागे वळवली होती आणि गाल दगडाला टेकवला होता. डोळे मिटून हसत होता. सगळ्या गावासमोर, माझा हात हातात असताना.

मला ठाऊक होतं. ट्रँटरबाईंनी सांगितलं होतं. तरीही मी हात झटकला. त्याचाही आणि मिस गिटिन्सचाही. म्हटलं, घे मग तिलाच मिठी मार.

कुणी वळून पाहिलं नाही. भजन थांबलं नाही. मी लगेच पुन्हा हात पुढे केले, खरंच लगेच, पण मध्ये जागा नव्हती. लॅम्बर्टच्या हातात हात होता. मिस गिटिन्सच्या हातात हात होता. माझ्यापुढे कुणीतरी उभं होतं आणि मला फक्त पाठ दिसत होती. जांभळी फराक. माझ्यासारखाच अंबाडा, फक्त एक बट ओली.

मी चहाच्या मेजापाशी गेले. हॉटनसाहेबांनी माझ्या अंगावरून हात घालून बिस्किटं उचलली. लॅम्बर्टने केकचा तुकडा बशीत घेतला, सगळ्यात मोठा, साखर लागलेला, आणि त्या पाठीला नेऊन दिला.

१२ सप्टेंबर

घरी गेले होते. दाराला कडी होती. खिडकीतून पाहिलं.

ती माझ्या खुर्चीत बसते. माझ्यासारखीच दिसते. अगदीच सारखी नाही, माझ्याहून बरी दिसते. ट्रँटरबाई तिला पाद्रीणबाई म्हणत होत्या आणि तिने बटाटे स्वतः सोलायला घेतले, तर ट्रँटरबाई किती खूश! मी तीन महिन्यांत एकदा तरी बटाटे सोलले का, असं त्यांच्या मनात आलं असणार. नाही सोलले. मान्य आहे.

लॅम्बर्ट घरी होता. दुपारचे तीन वाजले होते आणि तो घरी होता. सकाळची प्रार्थना उरकून सरळ घरी गेला. माझ्यासाठी कधी असा आला होता तो?

काच ठोकली. तिने वर पाहिलं. मला फक्त तीच पाहू शकते. तिने पडदा ओढला. रागाने नाही, अगदी हळूच, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसा.

१८ सप्टेंबर

चर्चच्या आवाराबाहेर पाय जात नाही आता. परवा फाटकापर्यंत जात होता. काल थडग्यांपर्यंत. आज ओसरीपाशीच थांबला.

थंडी सगळीकडे वाजते, त्या दारापाशी तेवढी नाही. दगडात माझ्या पाठीच्या आकाराचा खळगा आहे. माझ्या आधी कुणाच्या पाठीचा होता हे सांगायला नको.

आज प्रार्थनेला गाव आलं. ती पहिल्या बाकावर. माझी करडी टोपी घालून. भजन सुरेख म्हणते, माझ्यासारखी बेसूर नाही. मिस गिटिन्स तिला बघून हसल्या. माझ्याकडे बघून त्या इतक्या मोकळ्या कधी हसल्या नव्हत्या— आणि मी त्यांना केकची कृती दिली होती.

२ ऑक्टोबर, सुगीचा सण

भोपळे, गव्हाच्या पेंढ्या, पाव. वेदीवरची फुलं कुणी लावली असतील? तिने. दोन पिढ्या लागत नाहीत तर. नुसतं गोड असावं लागतं.

लॅम्बर्ट उपदेशात म्हणाला, की घर म्हणजे काय ते मला या महिन्यात कळलं.

मी ओरडले. मेणबत्त्या विझल्या. हॉटनसाहेब म्हणाले, कौलं बघून घ्यायला हवीत, वारा शिरतो.

तो आता रविवारीच येतो फक्त. मला हेच हवं होतं ना? नवरा घरी बसावा. बसला. मीच घरी नाही.

तारीख— पानं गळाली आहेत

रडायचं नाही असं ठरवलं होतं. पण या भिंतीत दुसरं करायला काही नाही. ती इथे कशी राहिली इतकी वर्षं? मी तिला भूत म्हणत होते. क्रूडसनबाई, की त्यांच्याही आधीची कुणी— तिलाही कुणी पडदा ओढून—

नाही. तिची दया मला यायची नाही. माझ्या बिछान्यात झोपते ती.

संध्याकाळ. बर्फ आहे

तो आला. एकटा. रविवार नसताना.

स्टूल घेतलं. दारापाशी बसला. चुना लागेल कोटाला. झटकायला—

रुसले होते. तोच बोलला. म्हणाला, की हे कुणाला सांगू, वेडा म्हणतील, पण घरी जी आहे ती भांडत नाही. किल्ली हरवली तरी नाही. सूप सांडलं तरी नाही. माझी मिली असती तर एवढ्यात तीनदा रुसली असती, एकदा तरी दार आपटलं असतं. म्हणाला, मी किती दिवस मजेत होतो आणि मला कळलंच नाही, मिली, ती तू नाहीस—

मी म्हटलं, उशीर केलास.

ऐकलं त्याने. ऐकलं! रडायला लागला. हातमोजा काढला आणि तळवा दगडावर ठेवला. मला म्हणाला, तुझा हात दे. तुझ्या जागी मी येतो, तू बाहेर जा, घरी जा.

बोटं गरम आहेत. दगडातून ऊब येते आहे. त्याला माहीत आहे काय होईल ते. फट भरली जाते—

नको म्हणायला हवं. हात मागे घे, लॅम्बर्ट, घरी जा. असं म्हटलं तर तो ऐकेल, पहिल्यांदाच माझं ऐकतो आहे. मी त्याच्यावर प्रेम करते. खरंच करते. बाहेर जाऊन मी काय करू, तो या भिंतीत आणि मी चुलीपाशी एकटी—

पण घरी चहा मुरत असेल. ती माझ्या खुर्चीत वाट बघत असेल. तो जाईल. ती त्याच्या कोटावरचा चुना झटकेल. रागवायचीही नाही. आणि तो पुन्हा हसेल, हळूहळू, दोन दिवसांत, मला ठाऊक आहे ना तो किती—

नाही. तिला मिळणार नाही. मला नाही तर तिलाही—

त्याचं पहिलं बोट दगडात आलं. दुसरं. लॅम्बर्ट, अजून घट्ट ध